पुलगाव-आर्वी लाईनबद्दल, पंक्याला

प्रिय पंक्या,

परवा फोनवर तू म्हणालास की बंद पडलेल्या रेल्वे लाईनवर फिरायचा रस्ता करणं हे फॉरेनवाल्यांचं खूळ आहे, आपल्या विदर्भात कोण जाणार बे तिथं. फोनवर मला नीट सांगता आलं नाही म्हणून लिहितोय, आणि लांब लिहिणार आहे, चहा घेऊन बस.

पहिले एक गोष्ट क्लिअर करतो. मी नागपूर-नागभीडबद्दल बोलत नाहीये. ती नॅरोगेज, म्हणजे अरुंद रुळांची लाईन, 2019 मध्ये रुंद रुळांच्या ब्रॉडगेजसाठी बंद केली, उमरेड-भिवापूरच्या लोकांना गाडीच पाहिजे आणि गाडीच मिळायला पाहिजे. छिंदवाड्याची 2015 ला बंद झाली तीही त्याच कामासाठी. माझ्या डोक्यात आहे वर्धा जिल्ह्यातली पुलगाव-आर्वी, साधारण 35 किलोमीटरची, जी बंद होऊन किती वर्षं झाली आणि नुसती पडून आहे. मावशीकडे आर्वीला गेलो की मी बघतो ना, बांधावर बाभळी माजल्यात, एका पुलियाच्या दगडात पिंपळ निघालाय, मुळं पार सांध्यात घुसलीत, पण दगडी बांधकाम अजून हललेलं नाही. त्या दगडावर हात ठेवला की राग येतो यार, एवढं पक्कं काम आणि कोणाच्या उपयोगाचं नाही.

आता तुझा मुद्दा, की आर्वीकर ब्रॉडगेज मागतात आणि मी रस्ता मागून त्यांच्या पोटावर पाय देतोय. उलट आहे रे. अमेरिकेत 1983 मध्ये कायद्यात दुरुस्ती करून रेलबँकिंग आणलं, म्हणजे कंपनीने लाईन सोडली तरी पट्टा तुकड्या-तुकड्यानं विकायचा नाही, तोवर लोकांनी चालायला सायकलीला वापरायचा, उद्या रेल्वेला पाहिजे झाला तर परत. शेजारचे जमीनवाले कोर्टात गेले, आमची जमीन आम्हाला द्या म्हणून, पण 1990 मध्ये तिथल्या सुप्रीम कोर्टाने कायदा कायम ठेवला. मला यातली खरी गोष्ट ही वाटते की रेल्वेचा पट्टा सलग असतो म्हणूनच त्याला किंमत आहे. एकाने कुंपण दोन हात पुढे सरकवलं, दुसऱ्याने टपरी टाकली, तिसऱ्याने विहीर खोदली की संपलं, मग ना गाडी ना रस्ता, परत 35 किलोमीटर सलग जमीन मिळवायची तर दोन पिढ्या भूसंपादनातच जातील. रोज माणसं चालत असली की पट्टा आपोआप राखला जातो.

आणि चढ! रेल्वेला उभा चढ चालत नाही, तिथं 100 मीटरला एक-दोन मीटर म्हणजे खूप झालं, म्हणून गुडघे दुखणारी आपली माणसं, व्हीलचेअरवाला, शाळेत सायकलने जाणारी पोट्टी, सगळ्यांना जमतं. विस्कॉन्सिनमध्ये एल्रॉय-स्पार्टा नावाचा असाच जुना ट्रेल आहे, 1967 पासूनचा, 51-52 किलोमीटर, मध्ये तीन बोगदे, टॉर्च घेऊन सायकल हातात धरून जायचं. स्पेनमध्ये 1993 पासून असे रस्ते करतायत, कित्येक जुन्या स्टेशनांत खानावळी निघाल्या. न्यूझीलंडच्या ओटागोमध्ये गुरं-मेंढ्या आणि सामान नेणारी लाईन होती, 2000 मध्ये दीडशे किलोमीटरचा ट्रेल झाला आणि वाटेतली ओस पडलेली गावं सायकलवाल्यांच्या मुक्कामावर उभी राहिली. आपल्याकडे रोहण्याला कोणी बाई सकाळी तर्री-पोहे लावेल, संत्र्याच्या सीझनला बागवाला थेट गाठेल गिऱ्हाईक. हे का नाही होणार?

एक मात्र फॉरेनचं उचलून चालणार नाही, आपलं ऊन. मे महिन्यात 45 डिग्रीला डांबर टाकून ठेवलं तर कुत्रंही फिरकणार नाही. डांबर नकोच, गिट्टी उचलायची, मुरूम आणि बारीक चुरी दाबायची, दोन्ही बाजूंनी कडुनिंब आणि करंज. झाडं पहिल्या पावसात लावायची, रस्ता नंतर झाला तरी चालेल. पाण्याची सोय दर स्टेशनला. नागपुरातही बघ ना, फिरायचं म्हटलं की अंबाझरी, फुटाळा, सेमिनरी हिल्स, बहुतेक सगळं पश्चिमेकडे, पूर्वेच्या इतवारी-पारडीकडच्यांनी कुठं जायचं? कडबी चौकाजवळ मोतीबागला नॅरोगेजचं म्युझियम 2002 ला झालं ते मला फार आवडतं, इंजिन जपलं हे चांगलंच केलं, पण इंजिन ज्या जमिनीवरून धावलं ती पण जपायची असते.

मी कलेक्टर ऑफिस आणि रेल्वे दोघांना द्यायच्या निवेदनाचा मसुदा करतोय, त्यात जमीन रेल्वेचीच राहील हे पहिल्याच ओळीत टाकलंय. तुझं सिव्हिल इंजिनिअरिंग मला पाहिजे. जुन्या गर्डर पुलांवर लाकडी फळ्या टाकायच्या की आरसीसी स्लॅब, रेलिंग किती उंच, आणि पुलियांची तपासणी कोणाकडून करून घ्यायची, एवढं एका पानावर लिहून पाठव. पुढच्या रविवारच्या आत पाठव, सोमवारी मावसभाऊ आर्वीहून येतोय, तो ग्रामपंचायतींच्या सह्या घेणार आहे.

तुझा,
सुध्या