ओहोटी किती वाजता असते, हे विचारणाऱ्या साहेबांना

साहेब, नमस्कार.

तुमचं नाव इथे लिहीत नाही. त्या दिवशी निघताना तुम्हीच म्हणाला होतात, ताई माझं नाव कुठे पेपरात वगैरे नको, मी माझं काम केलं. गावाचंही नाव लिहीत नाही, कारण ते लिहिलं की जिल्ह्यात दोन मिनिटांत कळेल तुम्ही कोण ते. पण आभार मानल्याशिवाय मला राहवत नाहीये. चार दिवस झाले पलीकडच्या वाडीला गोडं पाणी येतंय, आणि या चार दिवसांत मी कितीतरी वेळा मोबाईल घेऊन लिहायला बसले आणि डोळे भरून आले म्हणून परत ठेवून दिला. आज लिहूनच टाकते.

बाकी वाचणाऱ्यांना थोडं सांगायला हवं. आमचं गाव रत्नागिरी जिल्ह्यातलं, खाडीने दोन भाग केलेलं. विहीर, पंप, टाकी सगळं अलीकडे. पलीकडे एक वाडी, पंचाऐंशी घरं, तीन बाजूंनी खाडी आणि चौथ्या बाजूला सडा, म्हणजे उघडा कातळ. कोकणात पावसाळ्यात तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो हे ऐकलं की पाहुण्यांना वाटतं मग तुम्हाला पाण्याची काय कमी, पण सड्यावरचा जांभा पाणी धरून ठेवत नाही, पडलेलं सगळं झिरपून समुद्राला जातं आणि शिमगा झाला की पलीकडच्या विहिरी तळाला लागतात. म्हणून फार पूर्वी, मी लग्न होऊन इथे आले त्याच्याही आधी, खाडीच्या तळातून बिडाची पाईपलाईन नेलेली. शिशाचे जॉइंट असलेली. ती सडली.

सडली म्हणजे नुसती गळती असती तर आम्ही कसंबसं भागवलं असतं. पण पंप चालू असताना गोडं पाणी त्या भोकांतून बाहेर, आणि पंप बंद झाला नि वर भरती चढली की खाडीचं खारं पाणी त्याच भोकांतून आत. दुसऱ्या दिवशी नळ सोडला की पहिला अर्धा तास नुसतं मचूळ पाणी. डाळ शिजत नाही, साबणाला फेस येत नाही, चहात दूध नासायचं. एप्रिल-मेमध्ये तर अलीकडून होडीत ड्रम भरून न्यायचे. आठव्या महिन्यातली पोरगी कळशी कमरेवर घेऊन हलत्या होडीत पाय टाकताना मी बघितली आहे, माझ्या छातीत धस्स झालं होतं, ते अजून जात नाही.

2019 ला 15 ऑगस्टला जलजीवन मिशन जाहीर झालं, घरोघरी नळ, माणशी रोज 55 लिटर. नळ आले की आमच्याकडे. वाडीत प्रत्येक दाराशी तोटी लागली, नवीन चकचकीत. पण खाडीतली लाईन तीच. ती बदलायची तर सीआरझेडची, म्हणजे किनारपट्टी जपायच्या कायद्याखालची, परवानगी लागते आणि ती परवानगी तीन वर्षं मिळत नव्हती.

आता मला स्पष्ट सांगायचंय की माझा राग कायद्यावर नाही. सीआरझेड 1991 ला आला तो किनाऱ्यांची वाट लागू नये म्हणून, आणि आमच्या खाडीत कांदळवन आज उभं आहे, त्यात खेकडे मिळतात, कालवं मिळतात, उधाणाच्या लाटा बांधावर येण्याआधी चिपीच्या झाडांत मोडतात, हे आम्ही रोज बघतो. उद्या कुणी ते तोडायला आलं तर पहिली मी आडवी पडेन. आणि 2019 च्या नव्या अधिसूचनेत तर स्थानिक लोकांसाठी पाणीपुरवठ्याच्या सोयी रीतसर परवानगी घेऊन करता येतात असं लिहिलेलंच आहे. म्हणजे कायदा आम्हाला पाणी नको म्हणत नव्हता. फक्त कुणीतरी येऊन नीट बघायला हवं होतं की इथे जुनी लाईन आहे, तिच्याच जागी नवीन टाकायची आहे, एकही झाड तोडायचं नाहीये.

आणि बघायला आले की लोक. तुमच्या आधी तीन वेळा तीन जण आले. तिन्ही वेळा गाडी आली दुपारी बाराच्या आसपास, आणि तिन्ही वेळा खाडी भरलेली किंवा अर्धी भरलेली. एक जण उतरलेच नाहीत, काच खाली करून कुठेय तुमची पाईपलाईन म्हणाले, आम्ही पाण्याकडे बोट दाखवलं. दुसरे उतरले, जेटीवर उभं राहून दोन फोटो काढले, दोन्हींत पाणीच पाणी. तिसऱ्यांना मी हात जोडून म्हटलं की साहेब संध्याकाळपर्यंत थांबा, सहाला पाईप उघडा पडेल, तर ते म्हणाले आमची ड्युटी तुमच्या खाडीच्या टायमाने चालत नाही. आणि मग कागदावर आलं, सदर ठिकाणी अस्तित्वातील पाईपलाईन आढळून येत नाही.

आढळून येत नाही! ज्या पाईपमधलं पाणी पिऊन वाडीतली दोन पिढ्यांची पोरं मोठी झाली, ती पाईप सरकारी कागदावर नाहीच. आणि जुनी नाही म्हणजे आमचं काम झालं "नवीन काम", आणि कांदळवनाशेजारी नवीन काम म्हटलं की प्रश्नांची रांग सुरू. त्या एका ओळीने आमचे तीन उन्हाळे खाल्ले.

दापोलीपासून वेंगुर्ल्यापर्यंत कुठल्याही खाडीकाठच्या माणसाला विचारा, तो सांगेल की पाण्याचं वेळापत्रक तिथीवर असतं. आमच्या सासूबाई शाळेत गेल्या नव्हत्या पण त्यांना पाऊणकी पाठ होती, तिथीची पाऊणपट करायची, येईल तो आकडा भरतीचा तास. पुनवेला पंधरा पाऊणे सव्वाअकरा. म्हणजे पुनव-अवसेला भरती दुपारी अकरा-बाराला नि ओहोटी पहाटे आणि संध्याकाळी पाच-सहाच्या सुमाराला. अष्टमीला दुपारी ओहोटी असते, पण तो भांग, पाणी फार उतरतच नाही, पाईप दोन-तीन हात पाण्याखालीच राहते. आमची पाईप उघडी पडते ती फक्त पुनव-अवसेच्या उधाणाच्या ओहोटीला, म्हणजे एकतर उजाडायच्या आधी नाहीतर दिवस मावळताना. ऑफिसच्या वेळेत ती वर्षातून एकदाही दिसत नाही. आम्ही हे तीन वर्षं सगळ्यांना सांगत होतो. लेखी पण दिलं होतं.

मग मागच्या माघात तुमचा फोन आला. मी भाकऱ्या करत होते, पिठाच्या हाताने उचलला. नवीन कुणीतरी साहेब आलेत एवढंच ऐकून होते, मला वाटलं आता परत तेच, सात-बारा पाठवा, ठराव पाठवा, नकाशा पाठवा. तुम्ही नमस्कार केलात आणि पहिला प्रश्न विचारलात,

"ताई, तुमच्याकडे ओहोटी किती वाजता असते? पाईप दिसायला कुठला दिवस बरा?"

साहेब, तुम्हाला कदाचित आठवतही नसेल. मला दोन मिनिटं बोलताच येईना. तुम्ही पलीकडून हॅलो हॅलो करत होतात, तुम्हाला वाटलं रेंज गेली. रेंज नव्हती गेली. तव्यावरची भाकरी करपली तरी माझं लक्ष नव्हतं. तीन वर्षांत कुणी हा प्रश्न विचारला नव्हता हो. सगळे विचारायचे तुम्ही कधी येता, कागद कधी देता. खाडी कधी उतरते हे विचारणारे तुम्ही पहिले. त्याच क्षणी मला आतून वाटलं की आता काम होणार, आणि नाही झालं तरी चालेल, पण या माणसाने आमचं म्हणणं वाचलंय. मंजुरीचं पत्र आलं त्या दिवशी सगळ्यांनी पेढे वाटले, मलाही आनंद झाला, पण मनात विचाराल तर मला मंजुरी त्या फोनवरच मिळाली होती.

मी म्हटलं माघी पुनवेच्या दुसऱ्या दिवशी, पहाटे सहा. मला वाटलं तुम्ही म्हणाल एवढ्या पहाटे कसं जमणार. तुम्ही म्हणालात पावणेसहाला जेटीवर असतो.

आणि होतात. पहाटे चारला बाईक काढून आला असणार तुम्ही, कानाला मफलर, नाक लाल झालेलं. अजून उजाडलेलं नव्हतं, पश्चिमेला चांदणं तेवढं होतं. बूट काढून जेटीवर ठेवलेत, पँट गुडघ्यापर्यंत दुमडलीत आणि आमच्या व्हॉल्व्हमन तात्यांच्या मागून चिखलात उतरलात. तात्यांचं वय सत्तरीच्या पुढे, ऐकायला कमी येतं, आतापर्यंत आलेल्यांपैकी कुणी त्यांना काही विचारलं नव्हतं, आणि ती लाईन टाकताना चर खणायला ते स्वतः होते. तुम्ही त्यांच्या कानाशी जाऊन विचारत होतात, ते काठीने दाखवत होते, हा जॉइंट, हा दुसरा, इथे तुटलीय, इथे आम्ही रबर गुंडाळलंय. साडेसहाला उजाडलं तेव्हा पाईप अशी सरळ दिसत होती, कालवं चिकटलेली, गंजून पापुद्रे निघालेली, या काठापासून त्या काठापर्यंत. मग तुम्ही पंप लावायला सांगितलात आणि चिखलातून चार ठिकाणी पाणी उकळी फुटल्यासारखं वर यायला लागलं. तुम्ही काहीच बोलला नाहीत. एकेक जागी जाऊन फोटो काढलेत, वेळ आणि ठिकाण फोटोवर छापलेलं. कुठल्या झाडापासून चर किती लांब तेही टेप लावून मोजलंत. सव्वासातला पाणी चढायला लागलं तेव्हा तात्या तुम्हाला हात धरून बाहेर घेऊन आले.

जेटीवर बसूनच तुम्ही टिपण लिहिलंत, आणि त्यात तात्यांनी जागेवर दाखवलं असं त्यांच्या नावानिशी लिहिलंत. तात्यांना वाचून दाखवलं. तात्यांनी डोक्याचा रुमाल काढून डोळ्याला लावला. घरी या, घावणे खाऊन जा म्हटलं तर तुम्ही फक्त काळा चहा घेतलात, दूध नासेल म्हणून तुमच्या लक्षात आलं असेल.

पुढचं काय कसं झालं त्यात मी जात नाही. वेळ लागला, मधे दोनदा काही शंका निघाल्या, तुम्ही त्यांची उत्तरं त्याच फोटोंवरून दिलीत असं ऐकलं. दिवाळीच्या आधी मंजुरी आली.

मी खूप विचार केला की तुम्ही असं वेगळं काय केलंत. नियम मोडला नाहीत, कुणाला फोन लावला नाहीत, आमच्यासाठी काही सूट दिली नाहीत. उलट आधीच्या तिघांपेक्षा तुम्हीच नियम जास्त पाळलात, कारण पाहणी करा म्हटलंय तर तुम्ही पाहिलंत. अशी माणसं आहेत, आपण त्यांच्याबद्दल बोलत नाही. आमच्या एसटीचा एक कंडक्टर होता, बाजाराच्या दिवशी खाडीवरची होडी पोचली का बघून मगच बेल द्यायचा. उपकेंद्रातली एक सिस्टर पोलिओच्या डोसाला भरती बघून पलीकडे यायची म्हणजे बायकांना पोरं घेऊन चिखल तुडवावा लागणार नाही. कुणाच्या नियमात हे लिहिलेलं नव्हतं. दुसऱ्याचा दिवस कसा जातो हे एकदा विचारून घेणं, मग आपलं काम त्याप्रमाणे थोडं पुढेमागे करणं, एवढंच. वाईट अनुभव आला की आपण दहा जणांना सांगतो, मीही त्या तिघांबद्दल खूप ठिकाणी बोललेय. म्हणून आज हे इतकं लांब लिहितेय.

कामाचं तुम्हाला कळवायचं राहिलं. नवीन लाईन एचडीपीईची, म्हणजे जाड प्लास्टिकची आहे, काळी, निळ्या पट्ट्यांची. काठावरच तुकडे तापवून जोडले, मग अख्खी लाईन पाण्यावर तरंगवत ओढून जुन्या चरात बसवली आणि वरून सिमेंटचे ठोकळे. पोकलेन लावलं नाही, चर हाताने खणला, दर उधाणाला पहाटे दोन तास आणि संध्याकाळी दोन तास, भांगाचे दिवस नुसते बसून. वाडीतली सगळी पोरं उतरली होती, मुंबईहून चार चाकरमानी रजा काढून आले. तात्या जेटीवर खुर्ची टाकून बसायचे. एकही चिपी तुटली नाही, त्याचे फोटो पाठवलेत तुम्हाला.

चार दिवसांपूर्वी पाणी सोडलं. ती पोरगी आठवते ना, होडीतली, तिचा मुलगा आता चालायला लागलाय, तो तोटीखाली दोन्ही हात धरून उभा होता आणि हलायलाच तयार नव्हता. तिने पहिल्या पाण्याचा चहा केला, दूध घालून, आणि पहिला कप अलीकडे तात्यांना पाठवला.

मे महिन्यात आंबे उतरले की घरच्यांना घेऊन या. या वेळी तिथी बघू नका, पाईप आता चिखलाखाली आहे, बघायला काही लागणार नाही. दुपारी बाराला आलात, खाडी तुडुंब असली, तरी चालेल. होडी पाठवते.