आहारवर्गाचा तुझा प्लॅन वाचला

प्रिय मित्रा,

ज्येष्ठांसाठी आहाराचा वर्ग काढतोयस हे वाचून खरंच खूप आनंद झाला. पण तुझा पहिल्या दिवसाचा प्लॅन पाहिला, त्यात साखर बंद, मीठ बंद, तेल बंद एवढंच आहे, आणि त्याबद्दलच लिहितोय.

म्हातारपणी माणूस आधीच कमी खातो रे. भूक मंदावते, चावताना त्रास होतो, जोडीदार गेलेला असेल तर एकट्यासाठी कशाला गॅस पेटवायचा म्हणून काहीबाही तोंडात टाकून झोपून जातात. अशा माणसाला शुगरची भीती घालून अजून चार पदार्थ काढून घेतलेस तर तो मुकाट्याने ऐकेल, वजन उतरेल, लोक कौतुक करतील, पण त्या वजनात स्नायूही गेलेले असतात. मग खुर्चीतून उठायला हात टेकावा लागतो, तोल जातो. शिवाय जेवणानंतर रक्तातली साखर बरीचशी स्नायूच उचलतात, म्हणजे ज्याच्यासाठी उपाशी राहिला तेच बिघडणार.

म्हणून पहिल्या दिवशी प्रोटीनचा विषय घे. 2013 साली तज्ज्ञांच्या एका आंतरराष्ट्रीय गटाने धडधाकट ज्येष्ठांसाठी वजनाच्या दर किलोमागे रोज 1 ते 1.2 ग्रॅम प्रोटीन सुचवलं, म्हणजे 60 किलोच्या माणसाला 60 ते 72 ग्रॅम. डाळी, दूध, अंडी, मासे, ज्याला जे चालतं ते, पण रात्री एकदम नको, तिन्ही वेळच्या खाण्यात थोडं थोडं. किडनीचा आजार असेल त्याचं गणित वेगळं, त्याला डॉक्टरांकडेच पाठव.

मिठाचं सांगायलाच हवं, जागतिक आरोग्य संघटना दिवसाला 5 ग्रॅमच्या आत म्हणते, साधारण एक छोटा चमचा. पण वयानुसार चव कमी कळते, मीठ एकदम काढलं की जेवणच नकोसं होतं, तेव्हा हळूहळू कमी करायला सांग आणि लिंबू, लसूण, मिरी वाढवायला लाव. घरातली पाकिटं आणायला सांग, लेबलावर 1000 मिलीग्रॅम सोडियम म्हणजे 2.5 ग्रॅम मीठ, हे स्वतः मोजलं की डोक्यात पक्कं बसतं. कमी सोडियमचं मीठ मात्र सरसकट सुचवू नकोस, त्यात पोटॅशियम असतं, किडनीचा आजार असणाऱ्यांना आणि बीपीची काही औषधं घेणाऱ्यांना ते धोक्याचं ठरू शकतं.

या वयात शिकवून काय उपयोग असं कोणी म्हणालं तर त्याला अमेरिकेतला डायबिटीस प्रिव्हेन्शन प्रोग्राम सांग. 2002 साली निकाल आला, डायबिटीसच्या उंबरठ्यावरच्या लोकांत आहार आणि आठवड्याला 150 मिनिटांच्या व्यायामाने डायबिटीस होण्याचं प्रमाण 58 टक्क्यांनी घटलं, आणि साठीच्या पुढच्यांत तर 71 टक्क्यांनी! मेटफॉर्मिन हे डायबिटीसचं औषध घेणाऱ्या गटात एकूण 31 टक्केच. पण ती माणसं मुळात जास्त वजनाची होती, आणि प्रत्येकाला समोर बसवून 16 धडे शिकवले होते, एका भाषणात उरकलं नव्हतं, त्यामुळे तूही एकाच रविवारी सगळं कोंबू नकोस.

औषधांच्या चिठ्ठ्याही आणायला सांग. मेटफॉर्मिन वर्षानुवर्षं घेणाऱ्यांचं बी-12 जीवनसत्त्व उतरू शकतं, पायाला मुंग्या येतात आणि माणूस वय झालं म्हणून सोडून देतो, त्यांना तपासणीचं नक्की सुचव. आणि घरात जो स्वयंपाक करतो त्यालाही वर्गाला बोलाव, ताटात काय पडणार ते तोच ठरवतो.

प्लॅन बदललास की पाठव, प्रोटीनचा तक्ता मी मोठ्या अक्षरात करून देतो.

तुझाच मित्र