शाळेची सहल खोडदला न्या

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

शाळांनी सहल खोडदची मोठी रेडिओ दुर्बीण बघायला न्यावी, म्हणून हे पत्र. सांगलीत गावभागात चाळीस वर्षं मी रेडिओ दुरुस्त केले. आपली आकाशवाणी १२५१ किलोहर्ट्झवर लागते, म्हणजे लहर सुमारे २४० मीटर लांब. काटा थोडा सरकला की नुसती खरखर.

जानेवारीत तासगावच्या मळ्यात नातीला मृग नक्षत्र दाखवलं. पोटातल्या बाणाखाली धूसर ठिपका दिसतो, तो तेजोमेघ, म्हणजे वायू आणि धुळीचा ढग, सुमारे १३५० प्रकाशवर्षांवर. तिथे तारे जन्मतात म्हटल्यावर तिने विचारलं, "आत तर धूळ आहे ना, मग कळतं कसं?"

प्रश्न बरोबरच होता. प्रकाशाची लहर धुळीच्या कणाएवढी बारीक, म्हणून अडते. रेडिओलहर कितीतरी लांब, ती आरपार येते. कोवळ्या, तापलेल्या ताऱ्यांच्या अतिनील किरणांनी हायड्रोजनचे इलेक्ट्रॉन सुटतात, प्रोटॉनजवळून जाताना वळतात आणि त्या वळणावर रेडिओलहर निघते. अँटेनाला ती खरखरच ऐकू येते! आयुष्यभर जी काढायला गिऱ्हाईक पैसे देत होतं, तीच इथे कामाची.

तारे अजून व्हायचे आहेत तो ढग मात्र उणे २६० अंशांच्या आसपास गार. तिथल्या हायड्रोजनचे अणू जोडीने बांधलेले, ते इतक्या गारठ्यात मुके, म्हणजे लहरच सोडत नाहीत, म्हणून तिथल्याच कार्बन मोनॉक्साइड वायूची २.६ मिलिमीटरची लहर पकडतात. १९७० साली ती पहिल्यांदा मृगातच सापडली. त्यासाठी चिलीत ५००० मीटर उंचीवर आल्मा दुर्बीण आहे.

लांब लहरींसाठी मात्र आपलं खोडद आहे, नारायणगावजवळ. खगोलशास्त्रज्ञ गोविंद स्वरूप यांच्या कल्पनेतून उभ्या राहिलेल्या ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना, काही २५ किलोमीटरपर्यंत पसरलेल्या. तबकडी पत्र्याची नाही, स्टेनलेस स्टीलच्या बारीक तारांच्या जाळीची. वारा निघून जातो, पण सुट्या हायड्रोजन अणूंच्या २१ सेंटिमीटरच्या, वीतभर लहरीला ती जाळी भिंतच. हे पाहून मी तासभर तिथून हललो नव्हतो.

नातीच्या वर्गाने यंदा खोडदची सहल मागितली. लांब पडतं म्हणून शाळेने वॉटर पार्कला नेली. अंतर खरंच आहे, पुण्याच्या पुढे ऐंशी किलोमीटर. पण २८ फेब्रुवारीला विज्ञान दिनी तिथे प्रदर्शन भरतं. जिल्हा परिषदेने तालुक्यामागे निदान एक एसटी सोडावी, ही कळकळीची विनंती. आदल्या आठवड्यात मी जुने रेडिओ घेऊन शाळाशाळांत येईन आणि अँटेना, लहर, खरखर मुलांना हाताने करून दाखवीन. मानधन नको.

– एक निवृत्त रेडिओ मेकॅनिक, सांगली