पाटीवर आकडा आहे, नावे नाहीत

महोदय,

आमच्या गावच्या चावडीची पडकी भिंत गेल्या महिन्यात उतरवली, तेव्हा तिच्यातली संगमरवरी पाटी मातीच्या ढिगाऱ्यात पडलेली दिसली. वर्षानुवर्षे चुन्याचे हात बसून अक्षरे बुजली होती. काथ्याने घासल्यावर मजकूर लागला : या गावातून इतके लोक १९१४ ते १९१९ च्या महायुद्धावर गेले, पैकी इतक्यांनी प्राण दिले. नाव एकाचेही नाही. अशाच साच्याच्या पाट्या तेव्हा देशातल्या कितीतरी गावांत लागल्या.

हा प्रकार गावापुरताही नाही. इराकमधल्या बसरा स्मारकावर गोऱ्या शिपायांची नावे कोरली. आपल्या साध्या शिपायांचे मात्र पलटणीखाली नुसते आकडे. इराकमधल्याच कूट गावी तुर्कांनी इंग्रजांच्या फौजेला वेढा घातला, त्या वेढ्यात १०३, ११० आणि ११७ क्रमांकाच्या मराठा पलटणी होत्या. उपासमारीने टेकीला आलेली ती फौज २९ एप्रिल १९१६ रोजी शरण गेली आणि पुढे कैदेत आणखी माणसे दगावली. ‘बसऱ्याला गेला तो आलाच नाही’ एवढेच घरात उरले.

शोधले तर नावे सापडतात, म्हणून हे पत्र. दोन्ही महायुद्धांतल्या मृतांच्या कबरी आणि स्मारके सांभाळणाऱ्या कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशन या संस्थेच्या संकेतस्थळावर मृतांच्या नोंदी विनामूल्य बघता येतात. पुष्कळ नोंदींत बापाचे नाव, गाव, तालुका, जिल्हा असतो. स्पेलिंग मात्र ऐकीव, तेव्हा गावाचे नाव चार प्रकारे लिहून बघावे लागते. रायगड जिल्हा तिथे कुलाबा म्हणून भेटतो. दुसरा माग तलाठ्याच्या दप्तरात. त्या वर्षांतले वारसाचे फेरफार काढून बघावेत. तरण्या खातेदाराच्या जागी एकाएकी विधवेचे किंवा भावाचे नाव लागले असेल, तर त्या घरी जाऊन विचारावे. तिसरा माग देव्हाऱ्यातला किंवा ट्रंकेतला, त्या लढाईबद्दल सरकारने शिपायाला दिलेला चांदीचा बिल्ला. त्याच्या कडेवर शिपायाचा नंबर, नाव आणि पलटण बारीक अक्षरांत ठोकलेली असते. आमच्या भावकीतला असा एक बिल्ला तोरड्यांसाठी आटवला गेला. त्याबरोबर ते नावही गेले, याची मला अजून हळहळ वाटते.

आणि शोध फक्त बंदूकवाल्यांचा नको. खेचरे हाकणारे, जखमींच्या डोल्या उचलणारे, पखालीने पाणी पुरवणारे, रस्ते खोदणारे मजूर हेही याच गावांतून गेले. जिवंत परतलेल्यांची तर कुणी दखलच घेतली नाही.

‘ती इंग्रजांची लढाई, आपल्याला काय त्याचे?’ असे गावात मला विचारले गेले. लढाई इंग्रजांची होती, हे खरे. पण गेलेली माणसे आपली होती. कुणी पगारासाठी गेला, कुणी कर्ज फेडायला, कुणी घराण्याची रीत म्हणून. त्या लढाईचा गौरव करा असे मी म्हणतच नाही. नावे लिहा, एवढेच मागणे आहे.

प्रत्येक ग्रामपंचायतीने शाळेतल्या वरच्या वर्गाच्या मुलांना हाताशी धरून हे काम घ्यावे. १९६२, १९६५, १९७१ आणि कारगिलला गेलेल्यांच्या नोंदीही त्याच वहीत घ्याव्यात. १९६२ चे जवान आज ऐंशीच्या पुढे आहेत, त्यांना विचारायचे ते आताच. आपल्या वाचकांपैकी कुणाच्या घरी बिल्ला असेल, तर आज त्याची कड भिंगाखाली वाचावी.

आमची पाटी सध्या माझ्या पडवीत गोणपाटावर ठेवली आहे. आतापर्यंत चार नावे लागली आहेत.

आपला,
एक वाचक