सुरक्षेचं अपडेट लगेच द्या, पण बटणं हलवण्याआधी विचारा

संपादक महोदय,

मी दृष्टिहीन आहे. स्क्रीन रीडर लावून स्मार्टफोन वापरते, म्हणजे पडद्यावर बोट जिथे टेकेल तिथे काय आहे ते फोन बोलून सांगतो. पण रोजची कामं मी ऐकत बसत नाही. कोणतं बटण कुठे आहे ते बोटांना पाठ असतं.

गेल्या वर्षी एका रात्री फोन आपोआप अपडेट झाला. सकाळी कॉल आला, मी नेहमीच्या जागी बोट टेकवून दोनदा टिचकी मारली आणि कॉल कट झाला. पुन्हा वाजला, पुन्हा कट. पलीकडच्या माणसाला वाटलं, मी रागावले आहे. मागे जायचं बटण तर नाहीसंच झालं होतं. आता पडद्याच्या कडेवरून दोन बोटं सरकवायची असतात, हे मला तिसऱ्या दिवशी कळलं. जुनी आवृत्ती परत आणायची सोय नव्हती.

मी ऑटो-अपडेट बंद केलं. पुढचे अकरा महिने फोन 'नवीन अपडेट उपलब्ध' असं बोलला की मी 'नंतर' निवडत राहिले. मग एकदा सेटिंग्जमध्ये सुरक्षा पॅचची, म्हणजे सुरक्षेतली भोकं बुजवणाऱ्या दुरुस्तीची, तारीख ऐकली आणि पोटात गोळा आला. माझे बँकेचे सगळे व्यवहार याच फोनवर होतात. पॅच आला की चोरांनाही सुगावा लागतो. जुना आणि नवा कोड ताडून ते भोक नेमकं कुठे होतं हे शोधतात. मग ज्यांनी अपडेट टाकलेलं नसतं, ते आयतेच सापडतात. २०१७ साली मे महिन्यात 'वॉनाक्राय' नावाच्या खंडणी मागणाऱ्या व्हायरसने जगभरचे संगणक ओलीस धरले, तेव्हा मायक्रोसॉफ्टची दुरुस्ती मार्चमध्येच येऊन पडली होती.

म्हणून अपडेट टाळा असं मी कुणालाही सांगणार नाही. माझं म्हणणं एवढंच, की दुरुस्ती आणि फेरमांडणी एकाच गाठोड्यात बांधू नका. हे जमतं. अँड्रॉइडसाठी गूगलने २०१५ मध्ये दरमहा सुरक्षा पॅच काढायला सुरुवात केली (ते आपल्या फोनपर्यंत कधी पोचतात, हे पुन्हा फोन बनवणाऱ्यांवर). ॲपलने २०२१ मध्ये आयफोनची नवी प्रणाली, आयओएस १५, आणली तेव्हा जुन्या आयओएस १४ वरच राहून सुरक्षेची अपडेट घ्यायची मुभा दिली होती. मला हवं होतं ते नेमकं हेच! पण काही महिन्यांतच ती मुभा गेली. २०२३ मध्ये त्याच कंपनीने तातडीच्या छोट्या दुरुस्त्या वेगळ्या द्यायला सुरुवात केली, आणि त्या काढूनही टाकता येत होत्या. जुलैमध्ये त्यातल्या एकीमुळे काही वेबसाइट नीट दिसेनात, तेव्हा लोकांनी ती काढली आणि काही दिवसांत सुधारलेली आली.

सुरक्षेचा पॅच माझ्या फोनमध्ये रात्रीत, न विचारता आला तरी माझी हरकत नाही. बटणाची जागा मात्र मला विचारल्याशिवाय हलू नये. हलवणं भागच असेल, तर काय कुठे गेलं ते आधी बोलून सांगा आणि जुनी मांडणी काही महिने तरी ठेवा.

सध्या मी शनिवारी रात्री अपडेट टाकते आणि रविवार बोटांना नव्याने शिकवण्यासाठी मोकळा ठेवते. मधल्या वारी पॅच आला, तर तोही शनिवारपर्यंत थांबतो.

आपली,
एक दृष्टिहीन वाचक