पन्नास नव्या सायकलींऐवजी

परभणी,
८ जून

प्रिय दोस्ता,

सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र शनिवारी पोचलं. निवृत्तीच्या पैशातून आपल्या भागातल्या पोरींना पन्नास नव्या सायकली द्यायच्या म्हणतोस. वाचलं आणि पत्र हातात घेऊन तसाच मागच्या आमच्या सायकल दुरुस्तीच्या शेडमध्ये गेलो, चाचांना वाचून दाखवलं. आपण ज्यांच्याकडून तासावर सायकल भाड्यानं घ्यायचो, तेच चाचा. पंच्याहत्तरीला आलेत, पण चाकाचा आउट, म्हणजे वाकडेपणा, अजून नुसत्या डोळ्यांनी काढतात. त्यांनी ऐकून घेतलं, हातातला पान्हा खाली ठेवला आणि म्हणाले, "त्यांना सांगा, आधी इकडं या. एक पावसाळा बघा."

तुला हे तोडून बोलल्यासारखं वाटेल, पण त्यात फार मोठा अर्थ आहे. तो उलगडून सांगायलाच हे पत्र लिहितोय. लांबणार आहे, निवांत बसून वाच.

दोन वर्षांपूर्वी इथून जवळच्या एका गावात शाळेला साठ सायकली मिळाल्या. कुणी दिल्या ते सांगत नाही, माणसं चांगल्या मनाची होती. मांडव, हार, फोटो, सगळं झालं. सायकली देखण्या होत्या: गिअरच्या, जाड टायरच्या, पुढं शॉकअप. दुसरा पावसाळा उलटल्यावर मी आणि चाचा त्या गावात गेलो, तर बहुतेक सायकली गोठ्यात नाहीतर छपरावर पडलेल्या. त्या मापाची ट्यूब तालुक्याला मिळत नाही. गिअरचा खटका तुटला तर गावातला पंक्चरवाला त्याला हात लावत नाही. कॅरिअर तर मुळातच नव्हतं, म्हणजे दळण आणता येत नाही की गवताचा भारा बांधता येत नाही. घरच्यांच्या दृष्टीनं मग ती सायकल कसली?

परत येताना रस्त्यात एक पोरगी दिसली. नववीतली असेल. मागचं चाक पंक्चर, आणि ती सायकल हातात धरून ढकलत शाळेकडं निघालेली. चार किलोमीटर. मी म्हटलं, अगं, मग घरी का नाही ठेवली? म्हणाली, "घरी ठेवली तर बाबा विकतील." रिमवर दबून टायरच्या कडा फाटल्या होत्या. रोज नुसती ढकलत नेत होती.

त्या दिवसापासून माझ्या डोक्यातून हे जात नाही. गरिबाला सायकल देणं हे काम एका दिवसाचं नाहीच. सायकल दिल्यावर दुसऱ्या वर्षी तिची ट्यूब कोण बदलणार, हे ज्यानं ठरवलं त्यानं सायकल दिली.

तू इतकी वर्षं पुण्यात आहेस, आपली काळी माती विसरला असशील. दोन सरी पडल्या की ती चाकाला अशी धरते की मडगार्डच्या आत थापी बसते आणि चाक फिरायचं थांबतं. परवाच्या वळवाच्या पावसानंतर वस्तीवरच्या दोघी बहिणी वाटेत थांबून पऱ्हाटीच्या काडीनं चिखल उकरून काढत होत्या. चार पावलं गेल्या की पुन्हा तेच. म्हणून आम्ही सायकल बनवताना मडगार्ड टायरपासून चांगलं दोन बोटं वर बसवतो. आणि बाभळीचा काटा तर बारमाही. त्याला उपाय एकच, जुन्या टायरची पट्टी कापून आतून लावायची. सायकल थोडी जड चालते, पण पंक्चर निम्म्यावर येतात. चाचांनी हे साठ वर्षांत शिकलेलं आहे.

आमचं काम सरळ आहे. भंगारातून, वाड्यांच्या पडवीतून, कुणाच्या गच्चीवरून जुन्या सायकली गोळा करायच्या. काळ्या, दांडीच्या बावीस इंची, नाहीतर साध्या लेडीज. फ्रेम शाबूत असली की बस्स. अजूनही अ‍ॅटलस कंपनीच्या फ्रेमा येतात. त्यांचा साहिबाबादचा कारखाना ३ जून २०२०ला बंद पडला, नेमका जागतिक सायकल दिन होता त्या दिवशी, पण लोखंड अजून तीस वर्षं काढील असं आहे. मग छर्रे बदलायचे, ग्रीस भरायचं, कॉटर पिन नवी, चेन, ब्रेकचे रबर, टायर-ट्यूब, आणि मागं जाड सळईचं कॅरिअर. एका सायकलीला हजार-अकराशेचं सामान लागतं. आम्ही ती बाराशेला देतो, महिना तीनशेच्या चार हप्त्यांनी. तीन वर्षांत दीडशेच्या आसपास गेल्या.

तू विचारलंस, गरिबाकडून पैसे कशाला घेता? दोस्ता, हे तू विचारावंस याचं नवल वाटलं. आठव. अकरावीला मला कॉलेजला यायला साधन नव्हतं, तेव्हा तुझ्या अण्णांनी त्यांची सायकल मला दिली आणि स्वतः दोन वर्षं पायी कचेरीत गेले. माझी आजी दुसऱ्या दिवशी तुमच्या दारात उभी राहिली. म्हणाली, महिन्याला दहा रुपये घ्या, नाहीतर सायकल परत घ्या. अण्णांनी दहा रुपये घेतले, दर महिन्याला घेतले, वहीत लिहून घेतले. आजी त्या दोन वर्षांत तुमच्या घरावरून मान वर करून जायची. अण्णांना पैशाची गरज नव्हती हे तिलाही ठाऊक होतं. मी त्या वहीच्या बळावर शिकलो असं मला आजही वाटतं.

आणि दुसरं कारण सांगतो. शेजारच्या गावातली एक बाई इथल्या खानावळीत पोळ्या लाटायला येते. चाळिशीची आहे. ऑटोला येता-जाता चाळीस रुपये, आणि ऑटो भरेपर्यंत थांबायचं. उशीर झाला की अर्धा रोज कापला. तिला म्हटलं, सायकल घे. हसायलाच लागली. मग तिच्या लेकीनंच मनावर घेतलं. जिल्हा परिषद शाळेच्या मैदानावर संध्याकाळी लेक मागून कॅरिअर धरायची आणि आई पेडल मारायची. तीनदा पडली, गुडघा सोलला, साडी चेनमध्ये गेली. चाचांनी दुसऱ्या दिवशी अर्ध्या चेनकव्हरच्या जागी पत्र्याचं पूर्ण चेनकव्हर बसवून दिलं. आठव्या दिवशी ती बांधावरच्या वाटेनं एकटी गेली. बाराशे रुपये म्हणजे तिचं तीस दिवसांचं ऑटोभाडं, हिशेब तूच कर. तिसऱ्या महिन्यात ती शेडमध्ये आली ती तावातावानं: "मास्तर, पैसे मोजून दिलेत, मागचा ब्रेक लागत नाही!" मला किती बरं वाटलं म्हणून सांगू! फुकट मिळालेल्या वस्तूबद्दल गरीब माणूस कधी तक्रार करत नाही. मुकाट्यानं गोठ्यात ठेवतो.

तुझा जन्म बँकेत गेला, तेव्हा आकड्यांशिवाय तुला पटायचं नाही. बिहारमध्ये २००६ साली नितीशकुमारांच्या सरकारनं नववीत जाणाऱ्या मुलींना सायकलीसाठी दोन-दोन हजार रुपये द्यायला सुरुवात केली. कार्तिक मुरलीधरन आणि निशीथ प्रकाश या अर्थशास्त्रज्ञांनी शेजारच्या झारखंडशी ताडून त्याचा अभ्यास केला, तो २०१७ साली प्रसिद्ध झाला. नववीत वेळेवर नाव घालणाऱ्या मुलींचं प्रमाण ३२ टक्क्यांनी वाढलं आणि मुलं-मुलींमधली तफावत ४० टक्क्यांनी घटली. जिथं हायस्कूल तीन किलोमीटरहून लांब होतं, तिथं फरक सगळ्यात जास्त पडला. म्हणजे पोरीची बुद्धी तीच, घरची गरिबी तीच, फक्त अंतर कमी झालं.

त्याच्याही आधीची गोष्ट तमिळनाडूतल्या पुदुकोट्टईची. १९९१च्या सुमाराला तिथं शीला राणी चुंकत या जिल्हाधिकारी होत्या. साक्षरता मोहिमेतच त्यांनी बायकांना सायकल शिकवायचं घेतलं. हजारो बायका शिकल्या. शेतमजूर, दगडखाणीतल्या मजूर, परिचारिका. लेडीज सायकली बाजारात पुरेनात म्हणून बायकांनी दांडीच्या पुरुषी सायकली घेतल्या, आणि काहींना त्याच बऱ्या वाटल्या, कारण दांडीवर मूल बसवता येतं. हे वाचलं तेव्हा मी आमच्या शेडमधल्या बावीस इंचीकडं नव्यानं पाहिलं.

पण चाचांच्या म्हणण्याच्या सगळ्यात जवळ जातं ते आफ्रिकेतलं काम. २००४च्या त्सुनामीनंतर श्रीलंकेत सायकली वाटायला निघालेल्या लोकांनी 'वर्ल्ड बायसिकल रिलीफ' ही संस्था काढली. पुढं त्यांनी खास खडबडीत वाटांसाठी 'बफेलो' नावाची सायकल तयार केली. जाड पोलाद, शंभर किलो पेलणारं कॅरिअर, पेडल उलटं मारलं की लागणारा ब्रेक. मूळ सायकलीला गिअर वगैरे काही नव्हते. आणि सायकलीबरोबर ते गावातलाच मेकॅनिक शिकवून तयार करतात, सुट्या भागांची सोय लावतात. झांबियात शाळेपासून लांब राहणाऱ्या मुलींना त्या दिल्या, तर गैरहजेरी २८ टक्क्यांनी कमी झाली. चाचांना मी त्या सायकलीचा फोटो दाखवला. बराच वेळ कॅरिअरच्या सळया मोजत होते.

आता आपल्याकडचं. शासनाच्या मानव विकास कार्यक्रमात २३ जिल्ह्यांतल्या १२५ तालुक्यांमध्ये आठवी ते बारावीच्या, शाळेपासून पाच किलोमीटरच्या आत राहणाऱ्या गरजू मुलींना सायकल मिळते. २०२२पासून ही रक्कम पाच हजार आहे. योजना चांगलीच आहे, मी शाळेत शिकवत असताना तिच्यामुळं टिकलेल्या पोरी पाहिल्यात. पण ३,५०० रुपये आधी खात्यात येतात आणि उरलेले १,५०० सायकल घेऊन पावती दिल्यावर. दुकानात साधी नवी सायकल साडेपाच हजारांना. सप्टेंबर २०२५मध्ये जीएसटी १२वरून ५ टक्क्यांवर आला, तेवढा हलका झाला भार, पण तरी दोन हजार कमीच पडतात. हे दोन हजार जूनच्या महिन्यात, पेरणीच्या तोंडावर, कोणत्या मजुराच्या घरात असतात रे? मग ते साडेतीन हजार बियाण्यात जातात, आणि बापाला दोष द्यावा असंही वाटत नाही. पोरगी पायी.

तुझे पन्नास सायकलींचे तीन लाख होतात. माझं ऐक. त्यातला एक लाख फक्त या दोन हजारांच्या खड्ड्यासाठी ठेव. पन्नास पोरींच्या सायकली येतात. पावती दिली की शासनाचे दीड हजार परत येतील, उरलेले पाचशे घरचे हप्त्यानं देतील. पुढच्या जूनला तोच लाख पुन्हा पन्नास पोरींना. कर्ज, हप्ता, वसुली तुझ्या रक्तात आहे, यात मी तुला काय शिकवणार! काही बुडतील. बुडू देत.

उरलेल्यातून शेडला सामान भरू. खानावळीतल्या त्या बाईसारख्यांसाठी कोणतीच योजना नाही. मोटरसायकलला दारात येऊन कर्ज देतात, पण बाराशेच्या सायकलीला कोण देतो? रात्रपाळीचा वॉचमन, वीटभट्टीवरचा माणूस, घरोघरची धुणीभांडी करणाऱ्या बाया, सगळे यादीत थांबलेत. आणि चाचांच्या हाताखाली दोन पोरं शिकायला ठेवायचीत, त्यांना महिन्याला काहीतरी द्यावं लागेल. ही सगळ्यात निकडीची गोष्ट आहे. चाचांचा हात आता कापतो. काल चाकाचा कोन कसताना छर्रे सांडले, मी गोळा करून दिले, आम्ही दोघंही काही बोललो नाही.

तुमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये धूळ खात पडलेल्या सायकली आहेत म्हणालास. बिनगिअरच्या, मोठ्या मापाच्या असतील तेवढ्याच घे. बच्चेकंपनीच्या नकोत, वाहतुकीचा खर्चही निघत नाही. ट्यूब मात्र आण, अठ्ठावीस-दीड मापाच्या मिळतील तितक्या. इथं जूनमध्ये तुटवडा पडतो.

पैसे लगेच पाठवू नकोस. एक-दोन चांगले पाऊस होऊ देत, मग ये. तुला त्या वस्तीवरून शाळेपर्यंत सायकल घेऊन चालायला लावणार आहेत चाचा, तसं त्यांनी ठरवून टाकलंय. पऱ्हाटीची काडी मी देईन. शाळेच्या फाटकाशी पोचल्यावर बोलू, काय करायचं ते.

वहिनींना नमस्कार सांग.

तुझाच