सायली, माझ्याकडे ज्युनियर म्हणून येऊ नकोस

प्रिय सायली,

काल फोनवर तू विचारलंस की आई वकिलीची सनद तर आली, आता ज्युनियर म्हणून बसू कुणाकडे, आणि मी "बघू" म्हणून फोन ठेवला. रागावू नकोस. समोर दोन पार्टी बसल्या होत्या आणि त्यातली एक तर हात जोडूनच बसलेली. आता रात्रीचे साडेअकरा झालेत, उद्याच्या बोर्डाच्या, म्हणजे कोर्टात लागलेल्या केसेसच्या, फायली बघून झाल्या, म्हणून टाईप करतेय. चुका सांभाळून घे, चष्मा बार रूममध्येच राहिलाय.

पहिलं सांगून टाकते, माझ्याकडे बसायचं नाही. बाबांना हे आवडणार नाही, त्यांनी मनातल्या मनात पाटीसुद्धा रंगवून ठेवलीय. पण इथं कराडला तू वकीलबाईंची पोरगी म्हणूनच राहशील गं. क्लार्क तुझी चूक तुला सांगणार नाही, मला हळूच येऊन सांगेल, आणि मी ती रात्री बसून दुरुस्त करीन. अशानं तुझी दहा वर्षं आरामात जातील आणि तुला उलटतपास घेता येत नाही हे कळायला अकरावं उजाडेल.

पुण्याच्या फर्मची ऑफर वाईट नाहीये. पगार वेळेवर, एसी, कॉन्ट्रॅक्ट ड्राफ्टिंग शिकशील, त्याला मी नावं ठेवणार नाही. पण मला विचारशील तर कोल्हापूरचे ते सर, जे जिल्हा कोर्टात ट्रायल पण चालवतात आणि तिथल्या सर्किट बेंचला, म्हणजे मुंबई हायकोर्टाच्या कोल्हापुरातल्या कोर्टाला, पण उभे राहतात, त्यांच्याकडे जा. 18 ऑगस्ट 2025 ला बेंच सुरू झालं तेव्हापासून आमच्या बारमधली निम्मी पोरं तिकडं ऑफिस बघायला लागलीत, ते बरोबरच आहे म्हणा. आम्ही हायकोर्टाच्या कामाला रात्रीची महालक्ष्मी धरून मुंबईला जायचो, सकाळी पोचायचो, आणि बोर्डावर आपल्या मॅटरचा नंबर आला नाही की परत रात्रीची महालक्ष्मी. पक्षकाराचा दोन दिवसांचा खाडा आणि खर्च वेगळाच. आता सत्तर-एक किलोमीटरवर हायकोर्ट आहे. फक्त एक सांगते, नुसत्या बेंचसाठी जाऊ नकोस. हायकोर्टात कागद शिजून येतो, खाली कच्चा येतो. ज्यानं कच्चा कागद हाताळला नाही त्याला वर कुठला कण कच्चा राहिलाय तेही कळत नाही. म्हणून म्हणते, ट्रायल चालवणारा सीनियर.

आता तुला एक गोष्ट सांगते जी बाबांनासुद्धा नीट माहीत नाही.

1999 साल, मला सनद मिळून तिसरं वर्ष. अण्णा, माझे सीनियर, तेव्हा आजारी होते म्हणून मी एकटीच ऑफिसात बसायची. एक आक्का आल्या, डोंगरातल्या वाडीवरनं दोन एसट्या बदलून. वडील वारलेले, आक्का पहिल्या बायकोच्या, आणि सावत्र भाऊ म्हणतो तुझं काही नाही इथं. वाटपाचा दावा लावायचा होता. खताची नायलॉनची पिशवी होती हातात, त्यात सातबारा, फेरफार, रेशनकार्ड, कुणाचं तरी लाईट बिल, औषधाच्या चिठ्ठ्या, आणि एक पिवळी पडलेली लग्नपत्रिका, आक्कांच्या स्वतःच्या लग्नातली, वरती गणपती आणि कोपऱ्याला हळदीचं बोट. मी सातबारा आणि फेरफार काढून घेतला आणि बाकीची पिशवी परत दिली. "हे काय करायचंय आक्का, न्या घरी," असं म्हणाले. मला घाई होती, आणि खरं सांगायचं तर मला ती पिशवी टेबलावर नको वाटत होती, वास येत होता तिला.

दावा दाखल केला, समन्स गेलं, प्रतिवादीची, म्हणजे सावत्र भावाची, लेखी कैफियत आली. त्यात लिहिलं होतं की वादी ही मयताची मुलगीच नव्हे.

मी वाचून हसलेच आधी. सगळ्या गावाला माहितीये मुलगी आहे म्हणून. मग अण्णा बिछान्यावरनं म्हणाले, गाव साक्षीला येणार आहे का भावाच्या विरुद्ध? नात्याचा कागद काय आहे? तेव्हा मला ती पत्रिका आठवली. "आमची ज्येष्ठ कन्या" म्हणून आक्कांचं नाव, खाली निमंत्रक म्हणून वडिलांचं. वाद सुरू व्हायच्या कितीतरी आधी, मयत झालेल्या बापानं स्वतः छापून घेतलेला नात्याचा कागद. मयत माणसानं नात्याबद्दल असं आधी लिहून ठेवलेलं पुराव्यात चालतं, तेव्हाच्या एव्हिडन्स ॲक्टचं कलम 32, आता नव्या साक्ष अधिनियमात 26. ह्याहून चांगला कागद मिळत नाही गं.

निरोप धाडला, आक्का आल्या. पत्रिका म्हणाल्या चुलीत गेली, पावसाळ्यात जाळ पेटत नव्हता तेव्हा. मी गप्प. त्या मला म्हणाल्या, "तुम्हीच म्हणला होता की बाई, काय करायचंय म्हणून." आवाजात राग नव्हता. असता तर बरं वाटलं असतं.

मग शाळा शोधली. आक्का दुसरीपर्यंत शिकलेल्या, शाळेचं जनरल रजिस्टर वाळवीनं अर्धं खाल्लेलं, पण त्यांची नोंद शाबूत, वडिलांच्या नावासकट. ते रजिस्टर घेऊन मुख्याध्यापकांना साक्षीला आणायला समन्स काढलं, एकदा ते ट्रेनिंगला, एकदा परीक्षा, एकदा जज रजेवर, असं करत दीड वर्ष गेलं. प्रत्येक तारखेला आक्का दोन एसट्या बदलून यायच्या आणि बाकावर भाकरी खायच्या. हुकूमनामा झाला त्यांच्या बाजूनं, हिस्सा मिळाला. पण ते दीड वर्ष माझ्या नावावर आहे.

तेव्हापासून माझ्या टेबलावर पिशवी उलटी होते, सगळी. तू लहानपणी बघितलंस ना, मी पार्टीच्या वह्या, चिठ्ठ्या, कॅलेंडरची पानं चाळत बसायची आणि तू म्हणायचीस आई रद्दीवाली आहे.

तुझ्या वेळची पिशवी म्हणजे मोबाईल. पार्टी म्हणेल व्हॉट्सॲपवर आहे सगळं, मी स्क्रीनशॉट पाठवतो. नुसत्या स्क्रीनशॉटवर भागत नाही, इलेक्ट्रॉनिक पुराव्याला लागतं ते, आम्ही 65बी म्हणायचो ते सर्टिफिकेट आता कलम 63 खाली आहे आणि त्यात हॅश व्हॅल्यू, म्हणजे फाईलचा डिजिटल ठसा, पण लिहावी लागते, हे तुला कॉलेजात शिकवलंच असेल. कॉलेजात हे शिकवत नाहीत की पहिल्याच दिवशी पार्टीला सांगायचं, हा फोन बदलायचा नाही, चॅट डिलीट करायचे नाहीत, पोराला गेम खेळायला द्यायचा नाही. दिवाळीत एक्स्चेंज ऑफरला फोन दिला की झालं, पत्रिका चुलीत गेली.

1 जुलै 2024 पासून नवे फौजदारी कायदे आले, कलमं बदलली म्हणून घाबरू नकोस. उलट तुम्हा पोरांचं बरंय, आम्हाला जुने आकडे विसरावे लागतात आणि इथं हवालदारसुद्धा खुनाला अजून तीनशे दोनच म्हणतो, न्याय संहितेतलं एकशे तीन त्याच्या तोंडात बसत नाही. पण जुना कायदा टाकून देऊ नको हं, त्या तारखेच्या आधीचे गुन्हे आयपीसीतच चालणार आणि आपल्याकडच्या केसेसचं वय बघता अजून बरीच वर्षं दोन्ही पुस्तकं लागतील. आणि सायटेशन, म्हणजे आधीच्या निकालांचे दाखले, मोबाईलवर एआयला विचारून देऊ नकोस. न्यूयॉर्कला 2023 मध्ये दोन वकिलांनी चॅटजीपीटीनं रचलेले निकाल कोर्टात दिले आणि पाच हजार डॉलर दंड भरला. निकाल स्वतः उघडायचा, पूर्ण वाचायचा, खालचा परिच्छेद विरुद्ध जात नाही ना ते बघायचं.

पैशाचं बोल. लाजू नको. मला अण्णा महिन्याला तीनशे द्यायचे, तेही आठवण करून दिल्यावर, आणि माझे वडील घर चालवत होते म्हणून मी टिकले. माझ्याबरोबरच्या दोन हुशार मुली वर्षात सोडून गेल्या, एक बँकेत गेली, दुसरीचं लग्न लावून दिलं. बार कौन्सिल ऑफ इंडियानं 2024 ला परिपत्रक काढलंय, ज्युनियरला शहरात 20 हजार आणि ग्रामीण भागात 15 हजार द्यावेत म्हणून, पण ती शिफारस आहे, आपल्याकडे कितीजण देतात ते तू बघशीलच. तरी आकडा काढून बोल. कोल्हापूरच्या सरांना पहिल्याच भेटीत विचार, सर स्टायपेंड किती. निदान तुझी सनद साडेसातशेत झाली, सुप्रीम कोर्टानं जुलै 2024 ला सांगितलं म्हणून, नाहीतर तिथंच हजारो रुपये जायचे.

आणि जेएमएफसीचं, म्हणजे खालच्या कोर्टात जज व्हायच्या परीक्षेचं. परीक्षा द्यायची तर दे, तू चांगली जज होशील, तुला लहानपणापासून दोघांचं ऐकून घ्यायची सवय आहे. पण सुप्रीम कोर्टाच्या 20 मे 2025 च्या निकालानंतर तीन वर्षं वकिली लागतेच, आणि दहा वर्षं झालेल्या वकिलाचा दाखला लागतो. आतापासूनच दोन नातेवाइकांचे फोन आलेत मला, पोराचं नाव नुसतं तुमच्याकडे लावून ठेवा, तो क्लास करेल पुण्यात. मी नाही म्हटलं. तुलाही तसा दाखला देणार नाही, आत्ताच सांगते. कोर्टात उभी राहिलीस तर मिळेल, तोही तुझ्या सीनियरकडून. तोपर्यंत एआयबीई, ती बार कौन्सिलची परीक्षा, काढ, सनद अजून प्रोव्हिजनल आहे, त्याची दोन वर्षं म्हणता म्हणता जातात.

बाई म्हणून काय काय ऐकावं लागेल ते लिहीत नाही, तुला माहितीये. "मोठे वकील कुठायत" असं विचारलं की मी म्हणायची, तुमच्यासमोर बसलेत, कागद काढा. हे तू वापरू शकतेस.

कोर्टात गळ्याला लावायचे पांढरे बँड चार पाठवलेत पार्सलनं आणि माझा जुना कोट अल्टर करून, खांद्यात थोडा सैल असेल. मिळाला की फोन कर, पण सोमवारी नको, सात मॅटर आहेत आणि त्यातल्या दोनात पुरावा आहे. मंगळवारी आठनंतर कर.

तुझी,
आई